आधी ओलीचा फोटो, मग रंगाचा

रमजानचा दुसरा आठवडा उलटला की कर्जत, नेरळ, खोपोलीतल्या मुस्लिम घरांत ईदच्या साफसफाईचा आणि रंगकामाचा विषय निघतो. पूर्वी तो रंगाच्या दुकानातून आणलेल्या शेडकार्डावर मिटायचा. आता तरावीहनंतर मोबाइल हातोहात फिरतो. पिंटरेस्टवरून चित्रे जमवायची, कॅनव्हाच्या कोऱ्या पानावर भिंतीचा रंग, पडदे, गालिचा, दिवे शेजारी शेजारी मांडायचे आणि खोली कशी दिसेल ते आधीच पाहून घ्यायचे. हाच तो डिझाइन बोर्ड. शेजारच्या हिंदू घरात पाडव्याआधी हेच चाललेले असते. २०२५ मध्ये तर ३० मार्चला पाडवा आणि ३१ मार्चला ईद आली. दोन्ही घरांना रंगारी एकाच आठवड्यात हवा होता.

पद्धत चांगलीच आहे. दुकानात मिसळून घेतलेला रंग सहसा परत घेतला जात नाही, बोर्डावरचा मात्र हवा तितक्या वेळा बदलता येतो. शिवाय घरात ज्यांना कोणी विचारत नाही, त्या सुनेला, आजीला, शाळकरी मुलीलाही पडद्यावर बोट ठेवून मत देता येते.

या भागाला ही रीत परकी नाही. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी खालापूर तालुक्यात चौकजवळ २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चे भव्य सेट तिथलेच. सिनेमाचा सेट आधी कागदावर उतरतो. रंग, कापड, उजेड यांचा मेळ तिथेच बसवला जातो. पण सेटला कॅमेऱ्यापुढे काही दिवस उभे राहायचे असते. घराला जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस झेलायचा असतो. मोबाइलवरची सुंदर चित्रेही बहुतेक सेटसारखीच असतात. एका कोनातून, एका उजेडात टिपलेली. त्यांत ओल नसते, चुलीचा धूर नसतो, दहा पाहुण्यांची जेवणे नसतात.

म्हणून इथल्या बोर्डावर पहिला फोटो आपल्याच भिंतीचा हवा, आणि तोही मागच्या ऑगस्टमधला. पाणी कुठून झिरपले, पोपडे कुठे निघाले, बुरशी कोणत्या कोपऱ्यात धरली, हे मार्चमध्ये दिसत नाही. ओल तशीच ठेवून वर महागडा रंग किंवा वॉलपेपर चढवला, तर एका पावसाळ्यात पैसे धुऊन जातात. २०१५ मध्ये रमजान ऐन जून-जुलैत होता. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत तो आता कोरड्या दिवसांत आला आहे. गळती बुजवायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

दुसरी जागा मापांना हवी. दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंच खोली असेल, तर चारही भिंती मिळून ३९६ चौरस फूट भरतात. त्यातून दारे-खिडक्या वजा करायच्या. हा आकडा हाती असला की रंग किती लागेल हे दुकानदाराला नेमके विचारता येते. सोफ्यासाठी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जाण्याआधी घराच्या दाराची रुंदी मोजलेली बरी. मोबाइलवरचा रंग आणि भिंतीवरचा रंग कधी तंतोतंत जुळत नाही. त्यासाठी फूटभर जागेत नमुना लावून तो दिवसा आणि रात्री दिव्याखालीही पाहावा.

तिसरी जागा पैशांची. प्रत्येक चित्राखाली किंमत लिहिली की बोर्ड आपोआप आटोपशीर होतो. रंगाऱ्याची मजुरी त्यात पहिल्या ओळीत हवी. सणाच्या तोंडावर सामानाचे पैसे रोख जातात आणि मजुरी ‘ईदनंतर बघू’ म्हणून लांबते. रंगाऱ्याच्या घरीही पाडवा किंवा ईद असतेच. मजुरी वेळेवर चुकती करण्याची शिकवण रोजाइतकीच जुनी आहे. उधळपट्टीला इस्लाममध्ये ‘इसराफ’ म्हणतात आणि ती निषिद्ध आहे. दिवसभर पाण्याचा घोटही न घेणाऱ्या घराने ईदच्या दोन दिवसांच्या पाहुण्यांसाठी वर्षभराचे हप्ते अंगावर घ्यावेत, हे रोजाच्या अर्थाशी जुळत नाही.

बोर्डावर एक चौकोन मोकळाही सोडावा. नवे झुंबर किंवा दुसरा गालिचा काढून टाकला, तर त्या पैशांत गल्लीतल्या एखाद्या घराचे फुटलेले पत्रे जूनआधी बदलता येतील. ते घर कोणत्या धर्माचे आहे, हे सदका विचारत नाही आणि पाऊसही विचारत नाही.