बॅटरीचे अँपिअर बघणारे

“काका, बॅटरीचे अँपिअर बघून घेतो,” असे म्हणत मल्टिमीटरची दोन्ही टोके थेट इन्व्हर्टरच्या बॅटरीवर टेकवणाऱ्या मिस्त्रीच्या हातातून मीटर काढून घ्या. तो वीस वर्षे धंद्यात असला तरी काढून घ्या.

बॅटरीवर 150 एएच लिहिलेले असते ती तिची क्षमता. करंट किती वाहायचा हे तिला जोडलेला लोड ठरवतो. लोडच नसेल तर मोजणार काय? मग मीटरच लोड होतो, आणि करंटच्या रेंजवर मीटर म्हणजे आतून जवळजवळ नुसती तार. 10 अँपिअरच्या रेंजची ही तार, म्हणजे शंट, साधारण शतांश ओहमची असते. वायरी आणि टोकांचा स्पर्श धरून सगळे मिळून दशांश ओहम माना. 12.6 भागिले 0.1, म्हणजे सव्वाशे अँपिअर! त्या बारीक वायरींत दीड हजार वॉट उष्णता उतरते आणि वितळलेले प्लास्टिक बोटांना चिकटते. त्यात बॅटरी नुकतीच चार्ज झालेली असेल तर भोवती हायड्रोजन असतो. हवेत तो 4 टक्के झाला की एक ठिणगी पुरते. बॅटरी फुटते आणि आतले सल्फ्युरिक ॲसिड थेट तोंडावर येते.

“बारा व्होल्टला काय होतंय?” हे उत्तर ऐकून माझे डोके फिरते. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, कबूल. पण भाजते ते करंटमुळे, आणि तो या बॅटरीत रग्गड आहे.

ही खोड आली पेन्सिल सेलवरून. सेल ताजा आहे का हे बघायला मीटर क्षणभर अँपिअरवर लावायचा, काटा उसळला की सेल चांगला. त्या सेलचा अंतर्गत रोध बराच असतो, म्हणून निभावून जाते. तीच रीत लॅपटॉपमधून काढलेल्या लिथियम सेलवर आणि गाडीच्या बॅटरीवर चालवणे हा निव्वळ अडाणीपणा आहे, आणि हाताखालच्या पोराला ती शिकवणे हा गुन्हा आहे.

मीटर विकणारेही तितकेच दोषी. स्वस्तातला पिवळा मीटर उचलून त्याच्या 10 अँपिअरच्या भोकाशेजारी काय छापले आहे ते वाचा: ‘अनफ्यूज्ड’. काहींवर पुढे दर 15 मिनिटांत जास्तीत जास्त 10 सेकंद, असेही असते. अनफ्यूज्ड म्हणजे चूक झाली तर मध्ये तोडणारे काहीच नाही. हे किती दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतात? महाग मीटरमध्ये वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असतो. तो उडाला की त्याच्या जागी काचेचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. करंट मोजून झाल्यावर लाल वायर त्याच भोकात ठेवून व्होल्ट बघायला जाणारे तर रोजचेच. बटण व्होल्टवर फिरवले तरी आतला शंट तिथेच असतो. घरातल्या 230 व्होल्टच्या सॉकेटवर हे केले तर मीटर हातात फुटेल.

करंट मोजायचा तर मीटर वाटेत घाला, सिरीजमध्ये. उभ्या गाडीची बॅटरी उतरते आहे? सगळे बंद करा, निगेटिव्ह केबल सोडा, लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर त्या केबलच्या व टर्मिनलच्या मध्ये जोडा. गाडीतले कॉम्प्युटर झोपेपर्यंत थांबा. नव्या गाड्यांना अर्धा तासही लागतो. त्यानंतर साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. मीटर जोडलेला असेपर्यंत चावी फिरवायची नाही. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो आणि ते सगळे तुमच्या मीटरमधून जातील.

मोठ्या करंटला क्लॅम्प मीटरच घ्या. पण इथेही फसवणूक चालते. स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतो. बॅटरीच्या वायरीला लावला की शून्य दाखवतो आणि मिस्त्री गळती नाही म्हणून मोकळा होतो. डीसीसाठी हॉल सेन्सरचा क्लॅम्प लागतो. पैसे देण्याआधी दुकानदाराला तो आधी शून्यावर आणायला लावा, मग गाडीच्या हेडलाइटच्या एकाच वायरीभोवती अडकवायला सांगा. 55 वॉटच्या बल्बला साडेचार अँपिअरच्या आसपास आकडा आला नाही, तर क्लॅम्प परत करा.