दिव्याबरोबर तेलही

दहा कुमारिकांचा दाखला आपण पवित्र मिस्सेत कितीदा तरी ऐकला आहे. दिवे दहाही जणींजवळ होते. उणीव होती ती पाचजणींच्या तेलात, आणि ती ध्यानात आली मध्यरात्री, वर दाराशी येऊन ठेपला तेव्हा. या दाखल्याचा अर्थ दरवर्षी नव्याने गिरविणारी काही माणसे जगात आहेत. हौशी बिनतारी चालक, ज्यांना 'हॅम' म्हणतात, ती ही माणसे होत.

सरकारी परवाना घेऊन, पदरचे पैसे खर्चून, हे लोक घरी बिनतारी यंत्र बाळगतात व दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलतात. त्यात नफा काहीच नाही. परंतु आपत्तीत तारा तुटल्या, मनोरे कोसळले, तरी त्यांचे यंत्र दुसऱ्या यंत्राशी सरळ बोलू शकते. २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्र खवळला आणि अंदमानातील दूरध्वनी मुके झाले. हैदराबाद येथील राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक त्या वेळी केवळ छंदापोटी पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. छंद बाजूला ठेवून ते बेटांवरील लोकांची खबरबात मुख्य भूमीवर पोहोचविण्याच्या सेवेला लागले.

तथापि यंत्र हा नुसता दिवा आहे. त्याचे तेल म्हणजे वीज. म्हणूनच अमेरिका व कॅनडा येथील हौशी चालक १९३३ पासून, महायुद्धाची काही वर्षे वगळता, दरवर्षी 'फील्ड डे' पाळतात. जूनच्या चौथ्या शनिवार-रविवारी ते मोकळ्या मैदानात तंबू ठोकतात, तारेचे एरियल उभारतात आणि घरच्या विजेवाचून २४ तास केंद्र चालवितात. बॅटरीवर वा सूर्यप्रकाशावर अवघ्या ५ वॅट शक्तीने जो काम करतो, त्याच्या संपर्काचे गुण पाचपट धरले जातात.

आता तेलाचा हिशेब पाहू. १०० वॅट शक्तीचे यंत्र नुसते ऐकत असताना सुमारे १ अँपिअर प्रवाह घेते. बोलताना मात्र भर आवाजात सुमारे २० अँपिअर, आणि आवाजाच्या चढउताराची सरासरी धरली तर १०. चोवीस तासांत १९ तास ऐकले व ५ तास बोलले, तर १९ आणि ५० मिळून ६९ अँपिअर-तास खर्च होतात. नवखा माणूस मोटारीची ७० अँपिअर-तासांची बॅटरी आणतो व निश्चिंत होतो. येथेच तो फसतो. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणजे त्याला १४० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. शिवाय मोटारीची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर जोर देण्यासाठी घडविलेली असते, रात्रभर संथपणे जळण्यासाठी नव्हे. नव्या लिथियम बॅटरीतील बहुतेक साठा वापरता येतो व ती वजनालाही हलकी असते, पण किंमत भारी पडते.

दुसरी चूक तारेची. अडीच चौरस मिलिमीटरची तार येऊनजाऊन ६ मीटर भरली, तर २० अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच जिरतात. निम्म्या बॅटरीचे १२.२ व्होल्ट यंत्रापाशी ११.४ उरतात, आणि पुष्कळ यंत्रे ११.७ च्या खाली नीट चालतच नाहीत. कुपीत तेल आहे, परंतु वात बारीक! यास्तव तार जाड व आखूड असावी आणि फ्यूज बॅटरीलगतच बसवावा.

जनरेटर सोयीचा खरा. पण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो व तो झोपेतच प्राण घेतो. म्हणून जनरेटर घरात वा तंबूत कदापि चालवू नये आणि तो थंड झाल्यावाचून पेट्रोल ओतू नये. १०० वॅटचा सौरफलक चांगल्या उन्हाच्या दिवशी ३० अँपिअर-तासांच्या आसपास भरून देतो. मात्र वादळाच्या दिवशी आभाळ झाकलेले असते.

सर्वांत स्वस्त उपाय निराळाच आहे. ऐकण्याला एक, बोलण्याला वीस! जाणता चालक आधी पुष्कळ ऐकतो, मग मोजक्या शब्दांत बोलतो, आणि भागत असेल तर शक्तीही कमी करतो. आपल्या घरांतही हा नियम लागू केला तर काय बिघडेल?

मे २०२१ मधील तौक्ते वादळात गोव्यातील अनेक घरे अंधारात होती. विजेमागून मोबाइलही मुके होतात, हे तेव्हा पुष्कळांनी अनुभवले. म्हणून एक सूचना. एका शनिवारी संध्याकाळी घरातील मंडळींनी मिळून मुख्य बटन बंद करावे व रविवारच्या मिस्सेपर्यंत तसेच राहावे. घरात कोणी विजेच्या यंत्रावर अवलंबून असणारा आजारी असेल, तर त्याचे यंत्र मात्र चालू ठेवावे आणि वीज गेल्यास ते किती वेळ टिकेल हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. टॉर्च, मोबाइल, लहान रेडिओ यांपैकी काय किती वेळ टिकले ते वहीत लिहावे. शांत रात्री सापडलेली उणीव सोमवारी बाजारात भरून निघते.

त्या पाचजणी दुष्ट नव्हत्या. त्यांनी हिशेब केला नव्हता, इतकेच. तरीही दार बंद झाले.