बिलावर पाच टक्के सूट. पण दुकानाचे क्रेडिट कार्ड घ्यावे का?

मॉलच्या काउंटरवर किंवा शॉपिंग ॲपवर ‘आमचे कार्ड घ्या, सूट मिळवा’ असा आग्रह होतो. कार्डवर दुकानाचे नाव असले तरी उधारी बँकेचीच असते. यालाच को-ब्रँडेड क्रेडिट कार्ड म्हणतात.

फायदा काय?
त्याच दुकानात वरचेवर खरेदी होत असेल आणि पूर्ण बिल मुदतीत भरले, तर कॅशबॅक खरोखर पदरात पडतो.

तोटा कुठे?
समजा, १० हजारांच्या खरेदीवर ५०० रुपये सुटले. पूर्ण बिल न भरता फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरला आणि व्याजदर दरमहा साडेतीन टक्के असेल, तर महिन्याला सुमारे ३५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१३ रुपये लागतात. दुसऱ्याच महिन्यात सूट संपते. शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

नियम काय?
रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार संमतीशिवाय कार्ड देता येत नाही. थकबाकी नसल्यास कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण करावी लागते. उशीर झाल्यास बँकेने ग्राहकाला दररोज ५०० रुपये द्यायचे असतात.

दरमहा पूर्ण बिल भरण्याची खात्री नसेल, तर सूट सोडलेलीच परवडते.