शब्द आत, पत्ता बाहेर

मराठीच्या अध्यापकांनी जावा या संगणकभाषेतल्या फाइली कोठे ठेवाव्यात यावर मतप्रदर्शन करावे, हा अव्यापारेषु व्यापार आहे याची आम्हांला जाणीव आहे. तरीही लिहीत आहोत, कारण संहितेचे काय आणि प्रसंगाचे काय हा या प्रश्नाच्या पोटातला वाद आमच्या विषयात फार जुना आहे. शिवाय या प्रकरणात आम्ही चांगलेच पोळलो आहोत.

आम्ही दोघे मालवणच्या किनारपट्टीवरील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांकडून मालवणी बोलीतले समुद्राचे शब्द गोळा करून घ्यायला आम्ही सुरुवात केली. रापण, तांडेल, गरी, सुकती अशा शब्दांनी वह्या भरू लागल्या. संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने हौसेने जावात छोटा प्रोग्राम लिहून दिला. शब्द टंकावा, की अर्थ, वापराचे एक वाक्य आणि तो कोणत्या गावी ऐकला हे समोर येई. विभागातल्या संगणकावर तो बिनतक्रार चालला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले. वीज गेली ती बरेच दिवस आली नाही, आणि आली तेव्हा तो संगणक उठला नाही. शब्दसंग्रहाची आणि प्रोग्रामची प्रत पेनड्राइव्हवर होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दुसऱ्या संगणकावर दोन्ही उतरवले. प्रोग्राम एका ओळीची इंग्रजी तक्रार करून मिटला : फाइल सापडत नाही.

विद्यार्थी तोवर पुण्यात नोकरीला लागला होता. फोनवर ओशाळून म्हणाला, “सर, तो पत्ता कोडमध्येच लिहिलाय.” शब्दसंग्रह डी ड्राइव्हवरच्या, त्याच्या टोपणनावाच्या फोल्डरात आहे, असे प्रोग्रामच्या पोटात कोरलेले होते. नव्या संगणकाला डी ड्राइव्हच नव्हता. त्याने रात्री जागून सगळ्या फाइली प्रकल्पाच्या आत घेतल्या आणि नवा प्रोग्राम पाठवला. तोही आमच्याकडे तसाच मिटला. “माझ्याकडे तर चालतंय,” हे वाक्य आम्ही त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकले की त्याचा पाळणा झाला.

यामागचे कारण कळल्यावर मात्र आम्हांला गंमत वाटली. मेव्हन या साधनाने रूढ केलेल्या मांडणीत जावाचे कोड एका कप्प्यात राहते आणि त्याला लागणाऱ्या इतर फाइली ‘रिसोर्सेस’ नावाच्या शेजारच्या कप्प्यात. प्रोग्राम बांधताना दोन्हींचे मिळून एक गाठोडे होते, त्याला जार म्हणतात. (‘जावा आर्काइव्ह’चे हे लघुरूप, कोकणी माणसाला मात्र लोणच्याची बरणीच आठवणार.) एकदा बरणीत गेलेल्या फाइलीला डिस्कवरचा स्वतंत्र पत्ता उरत नाही. फोडी बरणीत हात घालून काढाव्या लागतात, तशी ती जावाच्या क्लासपाथवरून मागून घ्यावी लागते. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर फाइली अजून सुट्या पडलेल्या होत्या, म्हणून पत्त्याने सापडत. आमच्याकडे बरणी झाकण लावून आली होती.

आता मुद्द्याकडे येतो. आमच्या भागात जत्रेला, लग्नाला, नव्या होडीलाही गाऱ्हाणे घालतात. देवाला हाक, मग मागणे, आणि प्रत्येक मागण्यामागून जमलेल्यांचा ‘व्हय म्हाराजा’. हा साचा गावोगाव तोच. पण आचऱ्यात रामेश्वराला हाक जाते, आंगणेवाडीत भराडीदेवीला. आणि ज्याच्यासाठी गाऱ्हाणे घालायचे त्याचे नाव त्या दिवसापुरते. साचा तोंडपाठ असावा, नावे उभे राहण्यापूर्वी विचारून घ्यावीत, हे गाऱ्हाणे घालणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आचऱ्याची नावे पाठ करून आंगणेवाडीत उभा राहणारा हसे करून घेईल. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रामने नेमके हेच केले होते.

तेव्हा जे ठिकाणानुसार बदलते ते बरणीबाहेर. शब्दसंग्रहाचा पत्ता, डेटाबेसचे ठिकाण आणि विशेषतः पासवर्ड. जार ही झिपसारखीच उघडता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आत ठेवलेले गुपित कुलपाविना ठेवलेले असते. हेरोकू या कंपनीतल्या अ‍ॅडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास लिहिलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ या टिपणात यासाठी एक नामी कसोटी आहे : तुमचे कोड या क्षणी जगजाहीर केले, तर कोणाचे गुपित फुटेल काय? फुटणार असेल तर तुमची मांडणी चुकली. २०१४ साली आलेल्या स्प्रिंग बूटने हाच विचार सोयीचा करून दिला. फाइल बरणीच्या आतही ठेवा आणि बरणीशेजारीही; दोन्हींत एकच बाब असेल तर शेजारची खरी मानली जाते.

येथवर आमच्या संगणक विभागातील सहकाऱ्यांचे आणि आमचे एकमत आहे. ते पुढे जाऊन म्हणतात की मग सगळेच बाहेर ठेवा. विगिन्स यांचा हवाला देणारे बहुतेक जण असेच म्हणतात, आणि त्याच टिपणात ठिकाणानुसार न बदलणारी अंतर्गत मांडणी या नियमातून वगळली आहे, हे वाक्य ओलांडून जातात. आमचा मतभेद सुरू होतो तो शब्दांपाशी.

प्रोग्राममध्ये बटणांवर शब्द असतात, चुकीच्या सूचना असतात, मथळे असतात. जावात ते कोडापासून वेगळे काढून भाषेगणिक एकेका फाइलीत ठेवण्याची सोय १९९७ पासून आहे. सोय इंग्रजीची. जावा ८ पर्यंत ती फाइल पश्चिम युरोपच्या लॅटिन अक्षरांतच आहे असे धरून वाचली जाई. मराठीसाठी प्रत्येक वर्णाऐवजी उलटी तिरकी रेघ, यू हे अक्षर आणि चार आकडी संकेत लिहावा लागे. ‘मालवण’ या चार अक्षरांना काना धरून पाच संकेत लागतात, म्हणजे तीस चिन्हे. विद्यार्थ्याने ती फाइल आम्हांला ‘शुद्धलेखन तपासून द्या’ म्हणून आणून दिली, तेव्हा आम्ही नवा चष्मा लागला की काय म्हणून एकमेकांकडे पाहिले. जी भाषा तिच्या जाणकारालाच वाचता येत नाही अशा रूपात साठवली, तिचे शुद्धलेखन कोण तपासणार? बँकांच्या आणि कार्यालयांच्या पडद्यांवर दिसणाऱ्या विचित्र मराठीचे सगळे खापर यावर फोडता येणार नाही, थोडे मात्र खुशाल फोडावे. २०१७ साली जावा ९ आली, आणि भाषांच्या या फाइली यूटीएफ-८ धरून वाचल्या जाऊ लागल्या. देवनागरी देवनागरीतच लिहिता येऊ लागली. (साधी प्रॉपर्टीज फाइल थेट उघडली तर जुनी सवय अजून कायम आहे, तेथे लिपी सांगून वाचावे लागते.)

मग शब्दांची फाइल कोठे असावी? आम्ही आधी सहकाऱ्यांचे ऐकून ती बाहेर ठेवली होती. युक्तिवाद बिनतोड होता : एका ऱ्हस्व-दीर्घासाठी सबंध प्रोग्राम पुन्हा का बांधावा? एके दिवशी कोणी सद्‌हेतूने ती नोटपॅडमध्ये उघडली, एक वेलांटी सुधारली आणि ‘अ‍ॅन्सी’ प्रकारात जतन केली. सगळी मराठी प्रश्नचिन्हे झाली. काय बदलले, कोणी बदलले, आधी काय होते, कशाचीच नोंद नव्हती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच सद्‌हेतूंच्या थरांमुळे. संहिता दहा जणांच्या हाती पडणार. म्हणून तिच्यातल्या प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे. कोडाबरोबर, आत, आवृत्तीच्या नोंदीखाली ठेवलेल्या शब्दाचा तसा माग राहतो. वेलांटीसाठी पुन्हा बांधण्याचा त्रास आहेच, आणि तो आम्हांला मान्य आहे. छापखान्यातही एका वेलांटीसाठी फर्मा पुन्हा चढत असे.

यात एक शल्य मात्र राहते. शब्द शोधताना जावा पायऱ्यांनी वर चढते : आधी खास रूपाची फाइल, तेथे नसेल तर भारतातील मराठीची, मग नुसत्या मराठीची, शेवटी मुळातली. आम्ही मालवणीसाठी वेगळी फाइल केली, तेव्हा तिला मराठीची पोटफाइल म्हणूनच जागा मिळाली. मालवणी ही मराठीची बोली की कोकणीची, या वादात आमच्याच विभागात दोन पक्ष आहेत. संगणकाने तो एका फोल्डरात निकालात काढला. एकाला हे पटले, दुसऱ्याला अजून पटलेले नाही, आणि म्हणून येथे ‘आम्ही’ थोडे फाटते.

आज आमची व्यवस्था अशी आहे. बटणांवरचे आणि सूचनांचे शब्द बरणीत आहेत. शब्दसंग्रह हा ना कोड, ना कॉन्फिगरेशन. तो स्वतःच्या जागी, तीन ठिकाणी प्रती काढून. तो कोठे आहे हे सांगणारी एका ओळीची फाइल बरणीशेजारी. गेल्या महिन्यात विभागाचा संगणक पुन्हा बदलला, या वेळी वादळाविना. ती ओळ आम्ही स्वतः बदलली, प्रोग्राम उघडला आणि ‘सुकती’ टंकून पाहिले.