नागकेशर न पाहता रचलेला पाठ

काही महिन्यांपूर्वी आयुर्वेदीय औषधालयांतील साहाय्यकांसाठी तयार केलेला एक संगणकीय अभ्यासक्रम अभिप्रायार्थ आमच्याकडे आला. पाठविणाऱ्या संस्थेचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. तिचा हेतू चांगला होता, मांडणीही देखणी होती. प्रत्येक पाठाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये रंगीत चित्रे, शेवटी प्रश्न, भाषा शुद्ध. रत्नागिरीतील एका काष्ठौषधींच्या दुकानात बसून आम्ही तो पाहू लागलो आणि नागकेशराच्या पाठापाशी थांबलो.

पडद्यावर चार पांढऱ्या पाकळ्यांचे, मध्ये सोनेरी केसरांचा झुबका असलेले फूल होते. खाली प्रश्न होता, ‘हे द्रव्य ओळखा.’ शेजारी दुकानातील मुलगा उभा होता. नागकेशर तो नेहमी तोलून देतो. पण ते चित्र त्यास ओळखता आले नाही. येणार तरी कसे? त्याच्या डब्यात तांबूस, गोलसर, वाळलेल्या कळ्या होत्या.

त्या कळ्या सुरंगीच्या. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे जिचे वळेसर स्त्रिया केसांत माळतात, त्याच सुरंगीच्या कळ्या वाळवून ‘लाल नागकेशर’ या नावाने बाजारात जातात. शास्त्रोक्त नागकेशर म्हणजे नागचाफ्याचे पुंकेसर. शिवाय दालचिनीच्या कुळातील वृक्षांची कोवळी फळे ‘काळे नागकेशर’ म्हणून विकली जातात, ती निराळीच. रक्तार्शाच्या रुग्णास लोणी-खडीसाखरेबरोबर नागकेशर लिहून देणाऱ्या वैद्याने यांपैकी कोणते अभिप्रेत धरले आणि रुग्णाच्या पुडीत कोणते पडले, हा आपल्या दोघांच्याही, म्हणजे वैद्याच्या व दुकानदाराच्या, पतीचा प्रश्न आहे. पाठात त्याचा मागमूस नव्हता. पाठ खोटा होता असेही नाही. चित्र खरे, नावही खरे. परंतु शिकणारा जेथे चुकतो ती जागा पाठ रचणाऱ्याने पाहिलीच नव्हती.

इंग्रजीत ज्यांना ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’ म्हणतात त्यांना आम्ही येथे पाठरचनाकार म्हणू. हा आता स्वतंत्र व्यवसाय झाला आहे आणि त्याची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. या मंडळींचे म्हणणे असे, की आम्ही शिकविण्याच्या पद्धतीचे जाणकार. विषय तज्ज्ञांकडून विचारून घेतो, तो शिकण्याची आम्हांस गरज नाही. हे म्हणणे सकृद्दर्शनी रास्त वाटते. पण विचारून घ्यावयाचे म्हणजे काय विचारावे हे तरी कळावयास हवे.

तैलपाकाचेच पाहा. रचनाकार वैद्यास विचारतो, तेल किती वेळ उकळावे? वैद्य सौजन्याने एक आकडा सांगतो. पडद्यावर तो आकडा ठळक अक्षरांत येतो आणि परीक्षेत त्यावर एक गुणही मिळतो. वास्तविक वैद्य कढईपाशी उभा असतो तेव्हा घड्याळाकडे पाहत नाही. कल्क बोटांत वळून त्याची वात होते का, ती विस्तवावर टाकली असता तडतडते का, तेलावर फेस आला का, हे तो पाहतो. तुपाच्या बाबतीत उलट, फेस शमला का हे पाहतो. इतक्या वर्षांच्या सवयीने हे त्याच्या हाताला ठाऊक झालेले असते, म्हणून सांगायचे सुचत नाही. एकदा तरी तेल खर करून बसलेला रचनाकार वेळ विचारणार नाही. बोटे भाजून घेऊन तो वातीबद्दल विचारील.

यातच आमच्या म्हणण्याचे मर्म आहे. विषय शिकल्याने रचनाकार वैद्य होईल असे नव्हे, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु तो नुकताच अडखळलेला असेल. जुना जाणकार आपले अडखळणे विसरून गेलेला असतो. नव्याने शिकलेल्यास कोणत्या पायरीवर पाय घसरला ते ताजे आठवते, आणि पाठ रचण्यास याहून मोलाचे भांडवल नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, आचार्याच्या गुणांची यादी आहे. तिचा आरंभ निर्मळ शास्त्रज्ञानाने होतो. लगेच ‘परिदृष्टकर्मा’, म्हणजे प्रत्यक्ष कर्म पाहिलेला, हा गुण येतो. आणि ‘ज्ञापनसमर्थ’, म्हणजे समजावून देण्यास समर्थ, हा अगदी शेवटी. शिकविण्याची हातोटी गौण मानलेली नाही, पण तिच्याआधी काय हवे हे क्रमच सांगतो.

सुश्रुताचे उदाहरण तर आपल्या कोकणास विशेष रुचावे. सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात शस्त्रकर्माचा सराव कशावर करावा हे दिले आहे : छेदनासाठी कोहळा-भोपळा, भेदनासाठी पाण्याने भरलेली कातडी पिशवी, वेधनासाठी मृत पशूची शीर किंवा कमळाचा देठ, सीवनासाठी जाड वस्त्राच्या कडा आणि मऊ कातडे. आणि आहरणासाठी, म्हणजे आत रुतलेले बाहेर काढण्याच्या सरावासाठी, फणसाचा गर! ज्याने फणस सोलला आहे त्यासच कळेल, की चिकट, धरून ठेवणाऱ्या गरातून आतली वस्तू न फाडता काढणे म्हणजे काय. ही योजना करणाऱ्यास शल्यही ठाऊक होते आणि फणसही. केवळ पद्धतीचा जाणकार येथे कोणतेही मऊ फळ घेऊन मोकळा झाला असता.

राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग २०२० च्या कायद्याने आला. त्यानंतरच्या पदवी-अभ्यासक्रमात प्रत्येक मुद्द्यापुढे रकाने आहेत : अवश्य जाणावे की जाणल्यास उत्तम, विद्यार्थी केवळ जाणतो, की करून दाखवितो, की करतो. ही उतरंड जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय परीक्षणासाठी मांडली. रकान्यांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती असे रकाने भरण्यास विषय यावाच लागतो असे नाही, याची. नमुना पुढे ठेवून कोणीही ‘करून दाखवितो’ असे लिहू शकतो. अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत नेमके हेच घडू लागले आहे. ‘चूर्णे कोरड्या जागी ठेवावीत’ हे आमच्यापुढील अभ्यासक्रमात ‘अवश्य’ या सदरात होते. आषाढात रत्नागिरीत कोरडी जागा कोठे असते, हे लिहिणाऱ्याने कृपया कळवावे!

दोष आपल्याकडेही आहे, हे मान्य केले पाहिजे. रचनाकार आपल्या दारी येतो तेव्हा आपण त्यास एखादा ग्रंथ देतो, चहा देतो आणि मसुदा न वाचता संमती देतो. काढा करावयास, खल घोटावयास, दुकानात पुड्या बांधावयास आपण त्यास कधी बसविले?

आम्ही संबंधित संस्थेस एवढेच कळविले आहे, की अभिप्राय देण्यापूर्वी तिच्या रचनाकाराने एक पंधरवडा रत्नागिरीत यावे. चार दुकानदारांनी जागा देऊ केली आहे, एका वैद्यांनी आपली तेलाची कढई. सुरंगीच्या मोसमात आल्यास कळ्या झाडावरच पाहता येतील. उत्तर अद्याप आलेले नाही.