पत्र्याखालचा माळा आणि एसीचे मशीन

उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या वाशीम जिल्ह्यात नुसत्या कूलरवर भागत नाही. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा वाशीम, कारंजा, रिसोडच्या लहान दुकानदारानेही एसीचा भाव विचारला तर नवल नाही. आमच्या फिटर बंधूंसाठी ही रोजीची बाब आहे, म्हणूनच चार शब्द लिहावेसे वाटतात.

दुकान अरुंद, भिंती मालाने भरलेल्या. मग शेटजी सुचवितात, "मशीन माळ्यावर टाका, खाली फक्त जाळ्या दिसू द्या." काम दिसते झकास. पण आमच्या मते पत्र्याखालचा माळा ही डक्टेबल मशीनसाठी सर्वांत वाईट जागा आहे. दुपारी तेथील हवा बाहेरच्यापेक्षाही तापलेली असते आणि थंड हवा त्या भट्टीतूनच न्यायची असते. परतीच्या डक्टला फट राहिली की माळ्याची गरम हवा आणि धूळ आत ओढली जाते. दुकान थंड होत नाही आणि ग्राहक म्हणतो, मिस्त्रीने गॅस कमी भरला!

खरी फजिती पुढेच असते. विदर्भातला मे महिना कोरडा. हवेत ओल नसल्याने कॉइलवर पाणी थोडेच सुटते. मशीन चालवून दाखविले, सारे ठीक, पैसे चुकते. मृग बरसला की तेच मशीन बादलीने पाणी सोडू लागते. पाइपाला उतार नसेल, तर ते पाणी छतातून थेट साड्यांच्या थप्प्यांवर उतरते. उन्हाळ्यात दडलेली चूक पावसाळ्यात उघडी पडते आणि बोलणी कारागिरालाच बसतात. म्हणून काम मे महिन्यात झाले तरी तबकात बादलीभर पाणी ओतून निचरा पाहिल्याशिवाय छत बंद करू नये.

माळ्यावर बसवावेच लागले, तर मशीनखाली दुसरे मोठे तबक हवे, त्याचा पाइप वेगळा आणि ग्राहकाच्या नजरेस पडेल असा काढलेला. त्यातून थेंब पडला की मुख्य पाइप तुंबला, हे कोणालाही कळेल. तबकात पाणी चढताच मशीन बंद करणारा फ्लोट स्विच महाग नाही. पंखा कॉइलमधून हवा ओढत असेल, तर त्या ओढीने पाणी तबकातच अडते. तेथे पाइपाला यू आकाराचे वळण द्यावे. वजन वाळवी लागलेल्या जुन्या लाकडावर टाकू नये, लोखंडी अँगल घ्यावा. जाळी धुण्यापुरती वाट, फळी आणि दिवा ठेवावा; वर चढता येत नसेल तर सफाई कोण करणार?

या सर्वांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहावा. शेटजींनी तो कापला, तर तसे कागदावर लिहून सही घ्यावी. तोंडी बोलणे जूनमध्ये कोणालाच आठवत नाही. सहीलाही नकार मिळाला, तर भिंतीवरचा साधा स्प्लिट सुचवावा किंवा काम सोडावे. आणि शिकाऊ पोरांना दुपारी बारानंतर त्या पत्र्याखाली चढवू नये. माळ्याचे काम सकाळी दहाच्या आत उरकावे, मग एक दिवस जास्त लागला तरी चालेल.