रझाकार : अर्थ 'स्वयंसेवक', मग शिवी कशी झाली?



१७ सप्टेंबर जवळ आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांमधून मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या भाषणांची तयारी सुरू होते. त्यात एक वाक्य हमखास असतं : 'रझाकारांनी जनतेवर अनन्वित अत्याचार केले.' वाक्य खरं आहे. पण भाषण संपल्यावर त्याच मुलाला जवळ घेऊन विचारा, 'बाळा, रझाकार म्हणजे कोण रे?' कुणी म्हणतं निझामाचं सैन्य, कुणी म्हणतं दरोडेखोर. आणि एखादं लेकरू सरळ सांगतं, 'मुसलमान.' त्या शेवटच्या उत्तरासाठी हा लेख.

आधी शब्द बघू. 'रझा' अरबी, अर्थ संमती, मर्जी. 'कार' फारसी; करणारा. आपल्या मर्जीने काम करणारा तो रझाकार, म्हणजे चक्क स्वयंसेवक! याच्या भाऊबंदांना आपण रोज भेटतो. मुख्याध्यापकांकडे आपण जी 'रजा' मागतो ती हीच, मुळात परवानगी. 'राजी', 'राजीखुशी', 'राजीनामा' हेही त्याच घरचे. (राजीनामा राजीखुशीने किती जण देतात, तो वेगळा विषय.) पाकिस्तानात नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकाला आजही रझाकार म्हणतात आणि त्यात कुणाला शिवी ऐकू येत नाही.

आपल्याकडे शब्द बिघडला तो माणसांच्या करणीने. हैदराबाद संस्थानात मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेने आपल्या स्वयंसेवक दलाला हे नाव दिलं. पुढे संघटनेची सूत्रं कासिम रझवीच्या हाती गेली. हा रझवी लातूरला वकिली करणारा, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं; वेगळा लातूर जिल्हा झाला १९८२ साली. म्हणजे हे प्रकरण कुठून तरी लांबून आपल्यावर येऊन आदळलं असं नाही. त्याचा म्होरक्या आपल्याच जिल्ह्यात वावरलेला होता.

१९४७-४८ मध्ये या दलाने लूट, जाळपोळ, खून केले. सरहद्दीवरच्या गावांतली माणसं घरदार सोडून बार्शी-सोलापूरकडे, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या आणि १७ तारखेला निझामाने शरणागती पत्करली. हे सगळं मुलांना सांगायचंच. कुणाला वाईट वाटेल म्हणून ते पातळ करू नका.

पण मग पुढचंही सांगा. शोएबुल्ला खान हा हैदराबादचा तरुण संपादक. 'इमरोज' हे त्याचं उर्दू दैनिक. संस्थान भारतात विलीन व्हावं, असं तो उघड लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला ठार केलं. रझाकार म्हणजे मुसलमान असं जे मूल म्हणतं, त्याला विचारा : मग शोएबुल्ला कोण?

आणखी एक गोष्ट आहे. ती चौथीच्या वर्गात नको, पण नववी-दहावीत सांगायला हवी असं माझं ठाम मत आहे. पोलीस ॲक्शननंतर सूडाच्या नावाखाली मुसलमानांची मोठी हत्या झाली. तिच्या चौकशीसाठी आलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळाने सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या उस्मानाबादचं नाव घेतलं. मेलेल्यांत अनेक जण असे होते, ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. दलाचं नाव अख्ख्या समाजाला चिकटवलं की काय होतं, याचं उदाहरण शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही.

असंच बांगलादेशातही झालं. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराच्या मदतीला उभ्या केलेल्या दलाचं नाव रझाकार होतं, म्हणून तिथे तो शब्द 'देशद्रोही' या अर्थाने रुजला. २०२४ मध्ये आंदोलक विद्यार्थ्यांच्या संदर्भात पंतप्रधानांनी तो उच्चारला आणि रातोरात पोरं रस्त्यावर उतरली.

आपल्याकडे निवडणूक आली की हा शब्द बाहेर निघतो. एरवी वसुलीवाला दारात आला तरी 'काय रझाकारी लावलीय का?' असं आपण सहज बोलून जातो. गमतीत बोलतो, खरंय. पण ज्यांची घरं तेव्हा जळली त्यांच्या दुःखाची त्यात थट्टाच होते, आणि मधल्या सुट्टीत शेखांच्या पोराला कुणी हा शब्द फेकून मारला की त्याच्या चार पिढ्या एका झटक्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहतात. ते पोर घरी जाऊन काय विचारत असेल, याचा विचार पालकांनीही करावा.

यंदा एक तास असा घ्या. फळ्यावर लिहा : रजा, राजीनामा, रझाकार. तिन्हींत समान काय, ते मुलांना शोधू द्या. मग स्वामी रामानंद तीर्थांची ओळख करून द्या. ते आपल्याच लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. त्यांच्यामागे गेलेले सत्याग्रहीही मर्जीनेच गेले होते. दोन्हीकडचे स्वयंसेवकच! एक कशासाठी राजी झाला आणि दुसरा कशासाठी, यावर मुलांना बोलू द्या. तुम्ही मध्ये कमी बोला.

घरी पणजोबा-पणजी असतील तर त्यांनी पाहिलेलं मुलांनी विचारून यावं. त्या वेळी दहा वर्षांची असलेली माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. कुणी लपायला जागा दिली, कुणी भाकरी दिली, हेही विचारायला सांगा. गावाचं नाव, सांगणाऱ्याचं वय आणि तारीख वहीत नोंदवून घ्या, आणि ती वही शाळेच्या कपाटात ठेवा.